सांगायचं तरी कुणाला?

महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात रात्री उशिरा आलेल्या बाईच्या केसपेपरवर काही वाक्यं पुन्हा पुन्हा दिसतात. जिन्यावरून पडली. मोरीत पाय घसरला. खोकल्याचं औषध समजून चुकून ढेकणाचं औषध घेतलं. डॉक्टर टाके घालतात, नळी घालून पोट धुतात, गोळ्या लिहून देतात आणि बाई सोबत आलेल्या माणसाबरोबर घरी जाते. पुष्कळदा तो सोबत आलेला माणूसच जखमेचं कारण असतो. जाणत्या डॉक्टरला हे हाडावरूनही कळू शकतं. पडताना माणूस हात टेकतो, तेव्हा बहुधा मनगटाशी मोडतं. काठी अंगावर येताना हात आडवा धरला, तर कोपर आणि मनगट यांच्यामध्ये, करंगळीच्या बाजूचं हाड मोडतं. तरी केसपेपरवर ‘पडल्यामुळे इजा’ असंच लिहिलं जातं, कारण बाईने तसं सांगितलेलं असतं आणि तिला दुसऱ्यांदा कुणी विचारलेलं नसतं.

दुसऱ्यांदा विचारणारं माणूस तिथे हवं, एवढ्या साध्या गोष्टीसाठी महाराष्ट्रात चाळीसहून अधिक वर्षं काम चाललं आहे. ते मोर्च्यांइतकं दिसत नाही आणि वर्तमानपत्रात क्वचित येतं. पण घरात मार खाणाऱ्या बाईचा जीव वाचतो तो बहुतेक वेळा याच कामामुळे, असं माझं ठाम मत आहे.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के आहे. म्हणजे चौघींत एक. मला याहून अस्वस्थ करतो तो त्याच पाहणीतला दुसरा आकडा. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कुणाची मदत मागितली नाही आणि कुणाजवळ बोलूनही दाखवलं नाही. मदत मागितली ती केवळ १४ टक्क्यांनी, आणि त्यातल्या बहुतेकींनी स्वतःच्या घरच्यांकडे. पोलीस, वकील, डॉक्टर या यादीत फार खाली येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांवरच्या गुन्ह्यांची ४,४५,२५६ प्रकरणं आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा, ३१ टक्क्यांहून थोडा अधिक, पती किंवा सासरच्यांकडून झालेल्या छळाचा आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्यांचा हा हिशोब. न चढलेल्या किती, याचा अंदाज त्या ७७ टक्क्यांवरून यावा.

या कामाची सुरुवात रस्त्यावर झाली. देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं, त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि मुंबई-पुण्यापासून नागपूरपर्यंत बायका बाहेर पडल्या. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये तिच्या पतीची निर्दोष मुक्तता झाली. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं. प्रदर्शन बघायला आलेल्या बायका तिथेच उभ्या राहून आपली कहाणी सांगू लागल्या. बोलायला जागा मिळाली की बायका बोलतात, हे कार्यकर्त्यांना तिथे दिसलं, आणि त्यातूनच मंचाचं ‘बोलते व्हा’ हे केंद्र उभं राहिलं. दरम्यान १९८३ मध्ये दंडविधानात ४९८-अ हे कलम आलं होतं. छळ हा आता गुन्हा होता. पण गुन्हा नोंदवायला जायचं ते पोलीस ठाण्यात, आणि तिथे ‘नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी जा’ हे उत्तर ठरलेलं.

टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली या अडचणीवर एक उपाय काढला. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयाच्या आवारातच समाजकार्यकर्त्यांचा कक्ष सुरू केला. नाव ‘महिला व मुलांसाठी विशेष सहायता कक्ष’. कार्यकर्ती पोलीस नव्हती, पण बसायची पोलिसांच्या छताखाली. त्यामुळे तिने सासरी पाठवलेल्या पत्राला वजन असे आणि बाईशी बोलायला तिच्याकडे वेळही असे. फौजदाराकडे यातलं पहिलं होतं, दुसरं नव्हतं. पुढे राज्य सरकारने हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले आणि इतर राज्यांनीही ही पद्धत उचलली. अशा कक्षात बाई येते ती क्वचितच ‘मला केस करायची आहे’ म्हणत. ती म्हणते, ‘त्याला नुसतं बोलावून समजावून सांगा.’ किंवा ‘माझे दागिने आणि पोरांचे दाखले तेवढे काढून द्या.’ तिला नेमकं काय हवंय हे तिच्याकडूनच ऐकून घेणं, हा तिथल्या कामाचा पहिला भाग.

दवाखाना हे दुसरं ठिकाण. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात २००० साली ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. रुग्णालयात चालणारं अशा प्रकारचं ते देशातलं पहिलं केंद्र. त्यामागचा विचार बिनतोड होता. पोलीस ठाण्यात गेल्याचं शेजाऱ्यांना कळतं, वकिलाकडे जायला पैसे लागतात, संस्थेचा पत्ता माहीत नसतो. पण ‘दवाखान्यात जाऊन येते’ असं सांगून बाईला कोणत्याही घरातून बाहेर पडता येतं. डॉ. सीमा मलिक यांच्यासारख्या पालिकेतल्या वरिष्ठ डॉक्टर यात उतरल्या, म्हणून हे केंद्र बाहेरच्या संस्थेची खोली न राहता रुग्णालयाचा एक विभाग झालं. परिचारिका आणि डॉक्टरांना आधी शिकवलं गेलं. कोणत्या जखमा शंका घेण्यासारख्या, सोबतच्या माणसाला कसं बाहेर पाठवायचं, काय विचारायचं. ज्या रात्री बाईला घरी पाठवणं धोक्याचं, त्या रात्री ‘निरीक्षणाखाली’ म्हणून तिला वॉर्डात ठेवून घ्यायची सोयही केली गेली. रुग्णालयाच्या खाटेचा इतका शहाणपणाचा उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरं केंद्र निघालं, नंतर मुंबईतल्या पालिकेच्या इतर रुग्णालयांत ही केंद्रं गेली. केरळमध्ये ‘भूमिका’ नावाने सरकारी रुग्णालयांत असंच काम सुरू झालं.

विष घेतलेल्या बायकांचा मुद्दा इथे जरा थांबून सांगायला हवा. ‘चुकून घेतलं’ अशी नोंद व्हायची, त्यामागे भीती होती. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंडविधानात गुन्हा होता आणि खरं सांगितलं तर बाईवरच केस होईल, असं घरचेही तिला बजावत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच गृहीत धरायला सांगितलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम उरलंच नाही. तरी ‘चुकून घेतलं’ ही नोंद अजून संपलेली नाही. पोट धुऊन घरी पाठवलेली बाई ज्या घरात तिने विष घेतलं त्याच घरात परत जाते. डिस्चार्जच्या आधी तिच्याशी एकटीशी कुणी अर्धा तास बोललं, तर तिला बाटलीकडे वळवणारं काय होतं ते बाहेर येतं. उपचार म्हणायचा तर तो अर्धा तासही उपचारच आहे.

आता मुख्य कामाविषयी. बहुतेकांना वाटतं, अशा केंद्रात बाईला नवरा सोडायला सांगतात. काहींना वाटतं, समजूत घालून परत पाठवतात. चांगल्या केंद्रात यातलं काहीच सांगत नाहीत. तिथे बाईबरोबर बसून सुरक्षेचा आराखडा करतात. ती राहणार असेल तर राहताना काय, निघणार असेल तर निघताना काय.

राहणारीसाठी आराखडा घराच्या नकाशापासून सुरू होतो. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात जायचं नाही. तिथे सुरी आहे, गॅस आहे, रॉकेल आहे. मोरीतही कोंडून घ्यायचं नाही. तिथून बाहेर निघायला वाट नसते. ज्या खोलीला बाहेरचं दार आहे तिकडे सरकायचं. शेजारच्या एका घराशी खूण ठरवायची: भिंतीवर तीनदा थाप, किंवा फोनवर ‘विरजण आहे का’ एवढंच विचारणं. सात-आठ वर्षांच्या मुलाला शिकवायचं की मध्ये पडायचं नाही, धावत काकूंकडे जायचं आणि ११२ ला फोन करायचा. आधारकार्ड, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला किंवा लग्नातले फोटो, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, दवाखान्याचे कागद, एखाद-दोन जोड कपडे, थोडे पैसे, रोजची औषधं असं गाठोडं विश्वासातल्या घरी आधीच नेऊन ठेवायचं. कागद बाहेर नेता येत नसतील तर त्यांचे फोटो काढून मैत्रिणीला पाठवायचे आणि आपल्या फोनमधून पुसायचे. दोघांचा मिळून एकच मोबाइल असेल, तर मदतीचा क्रमांक त्यात साठवायचा नाही, पाठ करायचा. गावात असेल तर शेवटची एसटी किती वाजता, हे माहीत हवं. मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं आहे. मध्यरात्री माहेर गाठायला निघालेल्या बाईला त्या सवलतीचा अर्थ कळतो.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, हे हार मानणं झालं. मार खाऊन जगायचं शिकवणं झालं. मला तसं वाटत नाही. बाई का निघत नाही, हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं की निघण्याचा काळ हाच तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो. अमेरिकेतल्या परिचर्या-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८६ मध्ये धोका जोखण्याची एक प्रश्नावली तयार केली. बायकांच्या खुनांचा मागोवा घेतल्यावर त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही खुणा पुन्हा पुन्हा दिसल्या. मारहाण अलीकडे वाढली आहे का? जिवे मारण्याची धमकी दिली आहे का? घरात हत्यार आहे का? गरोदर असताना मारलं का? ती सोडून गेली होती का, किंवा जायचं बोलली का? गळा दाबला का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं महत्त्व आपल्याकडे अजून पुरेसं पोहोचलेलं नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, ज्यांचा गळा आधी दाबला गेला होता त्या बायकांच्या खुनाची शक्यता सातपटीहून अधिक दिसली. गळा दाबल्यावर कातडीवर अनेकदा काहीच दिसत नाही. आवाज बसतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके येतात. केसपेपरवर ‘घसा दुखतो’ लिहिलं जातं आणि कफाचं औषध मिळतं. आशाताई, परिचारिका, पोलीस पाटील यांना दुसरं काही शिकवायला वेळ नसेल, तर गळ्याविषयीचा हा एक प्रश्न तरी शिकवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

घर कुणाचं, या प्रश्नावर कायद्याने गेल्या वीस वर्षांत खरोखर काही केलं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा. तो लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. त्याआधी बाईला मिळे ती फौजदारी केस किंवा पोटगीचा दावा. या कायद्याने तिला ज्या घरात ती नांदली त्या घरात राहण्याचा हक्क दिला, तिला मारू नये आणि तिच्या कामाच्या जागी येऊ नये असा आदेश मागता येऊ लागला आणि तातडीचा अंतरिम आदेश एकतर्फीही देता येईल अशी सोय केली. आदेश मोडणं हा गुन्हा. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर आहे, असं सांगून बाईला बाहेर काढायची वाट बराच काळ मोकळी राहिली होती. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सतीश चंदर आहुजा खटल्यात ती अडवली. घर सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी ते तिचं ‘सामायिक घर’ ठरू शकतं. माहेर उघडं नसलेल्या बाईसाठी छपराचा हक्क पोटगीच्या आकड्याहून मोठा असतो.

कायद्यातलं आणखी एक कलम फारसं चर्चेत येत नाही. ते २७ वं. बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही तिला अर्ज करता येतो. याचं मोल ऊसतोडीच्या फडात कळतं. बीड, धाराशिव, अहिल्यानगर भागातल्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात त्या कोल्हापूर-सांगलीकडे किंवा थेट कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी हा एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, फेडतात दोघं. तिने नवऱ्याला सोडलं की कोयता मोडतो आणि उचल अंगावर येते. म्हणून नवऱ्याच्या जोडीला मुकादमही तिला अडवतो. गावापासून शेकडो मैल दूर, उसाच्या पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या बाईने ओळखीच्या अंगणवाडीताईकडे जायचं कसं? तिच्यासाठी सुरक्षेचा आराखडा करायचा तर त्यात उचलीचा हिशोब धरावा लागेल, तिच्या नावाचं बँक खातं धरावं लागेल आणि कारखान्याच्या गावात एक तरी ओळखीचं दार धरावं लागेल. शहरात बसून आखलेल्या योजनांत ही बाई अजून नीट बसलेली नाही.

सरकारी व्यवस्थेविषयी बोलायचं तर कागदावर ती बरी आहे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर निर्भया निधी आला, २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर सुरू झाली. तिथे वैद्यकीय मदत, पोलिसांशी संपर्क, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एकाच छताखाली मिळावा, अशी कल्पना. १८१ ही मदतवाहिनी आहे. प्रत्यक्षात ही केंद्रं ज्यांच्या खांद्यावर उभी आहेत त्या समुपदेशक बहुतेक कंत्राटी आहेत. दुसऱ्यांच्या घरातला रोजचा मार ऐकून घेणाऱ्या बाईला स्वतःच्या नोकरीची खात्री नाही, आणि ती सोडून गेली की तिच्याजवळ मन मोकळं केलेल्या बायकांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने नेमायला सांगितलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचंही तेच. अनेक ठिकाणी हे काम दुसऱ्या पदावरच्या माणसाला जादा म्हणून दिलेलं. मे २०२५ मध्ये, कायदा लागू होऊन जवळजवळ एकोणीस वर्षं होत आली असताना, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सहा आठवड्यांची मुदत देऊन जिल्हा आणि तालुका पातळीवर असे अधिकारी नेमा असं सांगावं लागलं. कायदा म्हणतो, अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. तारखा किती पडतात, हे कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या कुणालाही विचारावं.

‘समुपदेशन’ या नावाखाली काय चालतं, हेही स्पष्ट लिहायला हवं. दोघांना समोरासमोर बसवायचं, ‘थोडं तू समजून घे, थोडं तो घेईल’ म्हणायचं, कागदावर दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि प्रकरण ‘मिटलं’ असं लिहायचं. ज्याने मारलं त्याच्या शेजारी बसून बाई काय बोलणार? तिने तिथे सांगितलेल्या प्रत्येक वाक्याची किंमत ती त्या रात्री घरी मोजते. तिला समझोताच हवा असेल, तर तो तिच्याशी वेगळं बोलून, हिंसा थांबण्याची अट आधी ठेवून आणि नंतर महिनोन्‌महिने विचारपूस करत राहून करावा लागतो. संसार टिकला की नाही, यावर केंद्राचं यश मोजणारे अधिकारी चुकीची गोष्ट मोजत आहेत.

हिंसेवरचा उपाय म्हणून मुलींना कराटे शिकवण्याच्या कार्यक्रमांना विरोध करायचं काही कारण नाही. मुलीचा स्वतःवरचा विश्वास वाढतो, आवाज चढवता येतो. कॅनडातल्या विद्यापीठांत शार्लीन सेन यांच्या गटाने केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं प्रशिक्षण घेतलेल्या मुलींमध्ये वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के आढळलं, न घेतलेल्यांत ९.८ टक्के. पण त्या प्रशिक्षणात हातपाय चालवणं हा एकच भाग होता. ओळखीच्या मुलाकडून येणारा धोका ओळखणं, आणि ‘त्याला काय वाटेल’ हा संकोच बाजूला ठेवणं, यावर त्यात मोठा भर होता. आपल्याकडच्या शिबिरांत तोच भाग गळतो. आणि ज्याच्याबरोबर एका ताटात जेवायचं आहे, ज्याच्या कमाईवर मुलांची फी आहे, त्याच्यावर ठोसा हे उत्तर नाही, हे त्या ठोशाचे वर्ग घेणाऱ्यांनाही कळतं.

पुरुषांबरोबरच्या कामाचा एक धागा मात्र महाराष्ट्रातला आहे आणि दिवाळी अंकाच्या वाचकाला तो जवळचा वाटेल. १९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी बायकोला मारणं चूक मानणाऱ्या पुरुषांनी पुढे यावं, अशी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तर दिलं. त्यातून १९९३ मध्ये मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी महाविद्यालयातल्या मुलांशी या विषयावर बोलत आले आहेत, आणि त्यांचा ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंकही निघत आला आहे.

हिंसा थांबल्यावर बाई लगेच बरी होत नाही. दाराची कडी वाजली की दचकते. रात्री झोप लागत नाही, लागली तर मुलं पांघरुणात आहेत का ते बघायला उठते. बँकेच्या फॉर्मवर सही करताना कुणाची परवानगी घ्यायची राहिली का, असं तिला वाटतं. तिला त्या काळात तीन गोष्टी लागतात: हातात पगार, स्वतःच्या नावाचं छप्पर, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या बायकांच्यात बसण्याची जागा. बचत गटाची बैठक हे काम पुष्कळ ठिकाणी न सांगता करते. हप्त्याचा हिशोब झाल्यावर बायका थांबतात आणि बोलतात.

दिवाळीच्या दिवसांत तुमच्याकडे बहीण येईल, भाची येईल, लेक येईल. तिच्या हातावर डाग दिसला, किंवा ती फोन वाजला की उठून बाहेर जाऊन बोलू लागली, तर तिला एकटीला गाठून विचारा. ‘तू काय केलंस’ किंवा ‘इतके दिवस का राहिलीस’ असं विचारू नका. ‘तुला घरी जायची भीती वाटते का’ असं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. गळा दाबला होता का, हे मात्र नक्की विचारा. तिला सांगा की स्त्रीला वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही आणि विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. १८१ रात्रीही उचलला जातो, आणि जीव धोक्यात असेल तर ११२. हे आकडे कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये घालू नका, तिच्याकडून पाठ करून घ्या. तिच्या कागदपत्रांसाठी तुमच्या कपाटात जागा करा. आणि हे सगळं ऐकूनही तिने भाऊबीज झाल्यावर परत जायचं ठरवलं, तर तिच्यावर रागावू नका. पुढच्या वेळी तिला फोन करता येईल असं एक तरी माणूस तिच्याजवळ राहू द्या.